गुलाममुक्तीवर शोधनिबंध लिहायचाय, सुरुवात कुठून करू?

पारिजातक
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या. मुलगा यंदा दहावीला आणि मी इतिहासाच्या एमएच्या दुसऱ्या वर्षाला. घरात दोन परीक्षार्थी आणि अभ्यासाचं टेबल एकच. चाळीस पानांचा शोधनिबंध द्यायचाय. मी हौसेने विषय दिला, 'अब्राहम लिंकनने केलेली गुलामांची मुक्तता'. सरांनी कागद परत दिला. त्यावर लाल शाईत एकच शब्द: 'कोणी?'
आता कोणी म्हणजे काय? लिंकनने! शीर्षकातच लिहिलंय. विचारायला गेले तर म्हणाले, "शोधा, म्हणून तर शोधनिबंध." इथल्या इतिहासवाल्यांनी मदत करा. पुस्तकं, साधनं, काहीही चालेल.

खडूस
शोधगंगेवर जा, दोन प्रबंध उतरवा, तिसऱ्याची प्रस्तावना लावा. झाला निबंध. सगळे असंच करतात.

पारिजातक
@खडूस, सर सॉफ्टवेअरमधून काढतात हो. गेल्या वर्षी एकीचा पासष्ट टक्के आला होता, बोर्डाच्या निकालासारखा.

बोरीबंदर
सर बरोबर विचारतायत. लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. तो लागू होता फक्त बंड केलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना, म्हणजे जिथे त्या दिवशी लिंकनचं कोणी ऐकत नव्हतं तिथे. केंटकी, मिसुरी, मेरिलँड, डेलावेअर ही गुलाम बाळगणारी पण बंडात नसलेली राज्यं, त्यांना त्यातून वगळलं होतं. देशभर गुलामगिरी गेली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, ६ डिसेंबर १८६५ ला. केंटकीने तर त्या दुरुस्तीला मंजुरी द्यायला १९७६ उजाडवलं आणि मिसिसिपीने १९९५.
आणखी एक गंमत. वॉशिंग्टन शहरातले गुलाम एप्रिल १८६२ मध्येच कायद्याने सोडले होते, माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई देऊन. भरपाई कोणाला? मालकांना.

चष्मिष्ट
म्हणजे तो जाहीरनामा नुसता कागदी घोडा. मग विषय सोपा झाला, 'लिंकन: एक भ्रम'. चाळीस पानं आरामात भरतील.

अटलांटाची मामी
चष्मिष्ट, थांबा जरा. कागदी घोडा म्हणून हात झटकायला माझी हरकत आहे. इथे पंचवीस वर्षं राहतेय, लेकीच्या शाळेपायी हा विषय घरात तीनदा झाला.
मे १८६१. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाला महिनाच झाला होता. व्हर्जिनियात फोर्ट मन्रो नावाचा उत्तरेच्या ताब्यातला किल्ला. एका रात्री तीन माणसं होडीतून तिथे पोचली: फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाऊनसेंड. मालक त्यांना दक्षिणेच्या फौजेसाठी राबवत होता. दुसऱ्या बाजूचा अधिकारी त्यांना परत मागायला आला. किल्ल्यावरचा जनरल बटलर म्हणाला, तुम्ही स्वतःला वेगळा देश म्हणवता ना, मग ही युद्धातली जप्तीची मालमत्ता, देत नाही. ही बातमी पसरली आणि माणसं शेकड्यांनी किल्ल्याकडे चालत निघाली. वॉशिंग्टनला कायदा त्यांच्या मागून करावा लागला. म्हणजे जाहीरनाम्याच्या दीड वर्ष आधी हे लोक आपल्या पायांनी निघाले होते.
आणि त्या 'कागदी घोड्या'ने सैन्याची दारं उघडली. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. फौज जसजशी पुढे सरकली तसतसा तो कागद खरा होत गेला. टेक्सासात गॅल्व्हस्टनला ती बातमी सैन्यासोबत १९ जून १८६५ ला पोचली. जूनटीन्थ तो हाच, २०२१ पासून देशभर सुट्टी.

शब्दपिसाट
मामींनी सरांच्या लाल शाईचा अर्थ सांगितला की! पारिजातक, तुझं शीर्षक पुन्हा वाच. 'लिंकनने केलेली मुक्तता'. यात कर्ता एकच, लिंकन. गुलाम नुसते षष्ठीत बसलेत. आता हे बघ: लिंकनने सोडले, सरकारने मुक्त केले, लोक मुक्त झाले, लोक सुटले, लोक निघाले. क्रियापद बदललं की पूर्ण निबंध बदलतो.

खडूस
इतिहासाच्या धाग्यावर प्रयोग ओळखा. उद्या समास सोडवायला देणार.

शब्दपिसाट
'गुलाममुक्ती' सोडवून दाखवा बरं. गुलामांची मुक्ती की गुलामांनी मिळवलेली मुक्ती? :)

काकासाहेब
मला एक कळत नाही, परक्यांच्या पापावर आपल्या मुलांनी चाळीस पानं का लिहायची? आपल्याकडे गुलामगिरी नव्हतीच. आपल्याकडे नोकर घरच्यासारखे असत.

निवांत
आली. मी चहा टाकतो, कोणाकोणाला हवा?

मोडीवाला
काकासाहेब, वयाने तुमच्याच आसपासचा आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. पेशवे दप्तरातल्या कागदांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द कशासाठी येतात ते एकदा बघा. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे. विकत घेतलेली, दुष्काळात आईबापांनी विकलेली किंवा स्वारीत धरून आणलेली बाई. तिची किंमत ठरे, खरेदीविक्री होई, तिची मुलं कोणाची यावर तंटे होत. मी मोडी शिकलो ते आमच्या घरातले जमिनीचे कागद वाचायला. त्या गठ्ठ्यात एका यादीत म्हशींच्या खालच्या ओळीत 'कुणबीण १' असं निघालं. नाव नाही, आकडा फक्त. नोकर घरचे असतील, पण म्हशीच्या खाली लिहीत नाहीत हो त्यांना.
इंग्रजांचीही फार आरती ओवाळायला नको. १८३३ चा त्यांचा प्रसिद्ध गुलाममुक्ती कायदा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखाला लागूच नव्हता, तसं त्यात कलम होतं. हिंदुस्थानासाठी आला तो १८४३ चा पाचवा कायदा, आणि त्याने कोणाला सोडलं नाही. त्याने एवढंच म्हटलं की यापुढे कोर्ट अमका तमक्याचा गुलाम हा दावा मानणार नाही. मालकाला सांगितलं नाही, गुलामाला कळवलं नाही. ज्याला कळलं तो गेला. माणूस गुलाम म्हणून विकणं-घेणं हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेत.

काकासाहेब
म्हशीखालची ओळ वाचून जरा थांबलो. नव्हतीच हा शब्द मागे घेतो. तरी अमेरिकेसारखी नव्हती, हे माझं मत कायम.

मोडीवाला
'सारखी नव्हती' हे मान्य. कशी होती हा मग खरा प्रश्न.

सुरंगी
गोव्याहून हात वर करतेय. लिन्स्होटेन हा डच माणूस १५८० च्या दशकात गोव्यात होता, त्याने तिथल्या भर रस्त्यावरच्या माणसांच्या लिलावाचं वर्णन लिहून ठेवलंय. आमच्याकडे जुनं गोवं बघायला येणारे चर्चचे फोटो काढतात, हा रस्ता कोणी विचारत नाही.

दुधारी
आणि वेठबिगारीचं काय? तो कायदा तर १९७६ चा. आणि मलिक अंबर? हबशी मुलगा, इथिओपियातून विकत विकत दख्खनपर्यंत आला, मालक मेल्यावर सुटला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याच्यावर लिहा! दिल्लीच्या बादशहाला...

निवांत
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत परत या रे. मलिक अंबरला वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

बोरीबंदर
जाता जाता, या युद्धावर मुंबईही मोठी झाली हे विसरू नका. अमेरिकेचा कापूस अडला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या कापसाला सोन्याचा भाव दिला. शेअरबाजाराला भरती आली, १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं धाडकन कोसळलं. तिकडे माणसं सुटत होती तेव्हा इकडे शेठ लोक दिवाळखोरीत निघत होते.

रानवारा
महात्मा फुल्यांचा अजून कोणी उल्लेख केला नाही याचं आश्चर्य वाटलं. १८७३ चं 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. पुण्यात बसून एक माणूस अमेरिकेच्या घटनेत स्वतःच्या समाजाचा प्रश्न बघतो. पारिजातक, ही खबर मराठीत पोचली कशी, हाही विषय होतो. अमेरिकन मिशनचं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालं होतं. युद्धाच्या चार वर्षांचे अंक मिळाले तर बघ, काय छापलंय आणि काय गाळलंय.

चष्मिष्ट
फुल्यांनीही 'सोडवलं'च म्हटलं. शब्दपिसाट, तुमचं क्रियापद तिथे चालेल का?

रानवारा
चालेल की. त्यांना इथल्या लोकांना लाजवायचं होतं, बघा तिकडचे काय करतात म्हणून. निबंध आणि आवाहन यात फरक असणारच. पण प्रश्न चांगला आहे, विचार करतो.

पारिजातक
बाप रे! एका रात्रीत एवढे प्रतिसाद. मी बुडाले. लिंकन, कापूस, कुणबीण, गोवा, ज्ञानोदय. चाळीस पानांत काय काय घालू? अमेरिकेची कागदपत्रं इंटरनेटवर आहेत कळलं, पण मी इथे नाशकात शरणपूर रोडवर बसून व्हर्जिनियाबद्दल काय नवीन सांगणार?

गोदाकाठ
पारिजातक!! शरणपूर रोडवर राहतेस आणि लिंकनवर लिहितेस?
माझं बालपण त्याच भागात गेलं. शरणपूर हे नाव कुठून आलं माहीत आहे का? शरण आलेल्यांचं पूर. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवलेलं ख्रिस्ती गाव. आणि तिथे आफ्रिकन मुलांचं आश्रयगृह होतं. आफ्रिकन. नाशकात.
त्याचं असं झालं. पूर्व आफ्रिकेतून मुलं-माणसं पकडून गलबतांतून अरबस्तानाकडे नेत. इंग्रजी आरमार ती गलबतं समुद्रात पकडे. पकडलेल्या गलबतातल्या मुलांना घरी पोचवणार कसं? गाव कुठलं, भाषा कुठली, पत्ता नाही. मग त्यातली बरीच मुंबई बंदरात उतरवली गेली, आणि काही नाशकात पाठवली. इथे सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं, बायबल.
आफ्रिकेत शोधसफरी करणारा डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ ला शेवटच्या सफरीवर निघाला तेव्हा इथली नऊ मुलं त्याच्याबरोबर होती. पुढे १८७२ मध्ये मदतीसाठी आणखी तुकडी गेली, तीत जेकब वेनराइट होता. याओ जमातीचा, गुलामांच्या गलबतातून सुटलेला, शिकला नाशकात. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला. त्याच्या माणसांनी हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि देह वाळवून, गुंडाळून हजार मैलांहून जास्त चालत किनाऱ्यावर आणला. पुरताना प्रार्थना वाचली जेकबने, झाडावर अक्षरं कोरली जेकबने. एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. आणि त्याची स्वतःची रोजनिशी आहे, स्वतःच्या हातची, आज वाचायला मिळते.
नाशिकच्या शाळेतला मुलगा गं!

अटलांटाची मामी
अंगावर काटा आला. आमचं माहेर गंगापूर रोडला, जन्मात कोणी सांगितलं नाही.

खडूस
मी पण नाशिकचा. त्या रस्त्यावर आजवर मी फक्त ट्रॅफिकला शिव्या दिल्यात. माझे आधीचे सगळे प्रतिसाद मागे.

तांडेल
वाचनमात्र सभासद आहे, आज लिहिल्यावाचून राहवेना. जहाजावर इंजिनिअर होतो, मोंबासाला आमचं बऱ्याचदा बंदर असे. तिथे फ्रेरेटाऊन नावाची वस्ती आहे आणि चौकात एक जुनी घंटा. 'केंगेलेनी' म्हणतात, घंटेपाशी. गुलाम पकडणारे आले तर ती वाजवायची, असं तिथला टॅक्सीवाला म्हणाला. मला म्हणाला, तुमच्या मुंबईचे लोक इथे राहायचे. मी समजलो गुजराती व्यापारी म्हणतोय.

गोदाकाठ
तांडेल, तेच ते! 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत त्यांना. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर १८७३ मध्ये झांझिबारला गेले, त्या वर्षीच्या तहाने तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. मग सुटलेल्यांसाठी १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ त्यांच्या नावाने वस्ती झाली. ती उभी केली नाशिकच्याच मिशनमधल्या प्राइस साहेबांनी, आणि नाशिक-मुंबईचे शंभराहून जास्त आफ्रिकन तिथे गेले. मॅथ्यू वेलिंग्टन हा त्यातला एक, तो १९३५ पर्यंत जगला. इकडचं आश्रयगृह त्याबरोबर ओस पडलं.

चष्मिष्ट
थंड पाणी ओतायचं काम माझ्याकडेच दिसतंय. ही मुक्ती कशी? मुलांना विचारलं कोणी? गलबतातून काढलं, नवीन धर्म दिला, नवीन नाव दिलं. जेकब वेनराइट हे याओ नाव नव्हे. आणि पकडलेल्या माणसांमागे आरमाराच्या लोकांना बक्षीस मिळे, म्हणजे सुटकेचाही दर होता.

मोडीवाला
चष्मिष्ट, थंड पाणी लागतंच, नाहीतर चाळीस पानांचा प्रसाद होईल. पारिजातक, आता साधनांविषयी थोडं, कारण तू तेच विचारलं होतंस.
मिशनचे कागद बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत. नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटिअर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, इंटरनेटवर फुकट आहे, तिथून सुरुवात कर. मुंबई सरकारचे कागद काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात. तिथे जाशील तर पत्र घेऊन जा, डबा घेऊन जा आणि पेन्सिल घेऊन जा. पहिल्या दिवशी काही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी यादी समजते. तिसऱ्या दिवशी शिपाई ओळखायला लागतो आणि मग काम होतं.
कागद हाती आला की सगळ्यात आधी विचार, हे कोणाच्या हातचं? मिशनऱ्याचा अहवाल इंग्लंडातल्या देणगीदारांसाठी लिहिलेला असतो. त्यात प्रत्येक मूल कृतज्ञ असणार, नाहीतर पुढच्या वर्षी पैसे येत नाहीत. आरमाराचा अधिकारी आकडे लिहितो. पोलीस कमिशनर खर्च लिहितो. यांच्यावरून तू मुलांबद्दल लिहिणार, म्हणजे माझ्या म्हशीखालच्या ओळीसारखंच झालं. म्हणून जेकबची रोजनिशी सोन्यासारखी. तीही शाळेने शिकवलेल्या इंग्रजीत, शाळेच्या धर्मात. तरी हात त्याचा.
आणि 'त्यांना आनंद झाला असेल' असलं वाक्य दिसलं की खोड.

अटलांटाची मामी
मोडीवाल्यांना जोडून. इथे १९३६ ते १९३८ मध्ये सरकारने गुलामगिरीतून गेलेल्या दोन हजारांवर म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. खजिनाच. पण विचारणारे बहुतेक गोरे, कधी त्याच गावच्या जुन्या मालकांच्या घरातले, आणि मंदीचे दिवस, म्हातारा पेन्शनच्या आशेने बोलतोय. 'मालक चांगला होता' असं बऱ्याच ठिकाणी येतं. खरं मानायचं की भीती मानायची? लेकीच्या बाईंनी सांगितलं, वाक्य दे, आणि विचारणारा कोण होता तेही दे.

निवांत
एआयला विचारून बघितलंस का?

पारिजातक
@निवांत, बघितलं. त्याने शरणपूरवर एका ग्रंथाचं नाव दिलं, लेखक दिला, पान क्रमांक दिला. मी ग्रंथपालांना दोन तास राबवलं. तो ग्रंथ जन्मालाच आलेला नव्हता. ग्रंथपाल अजून माझ्याशी बोलत नाहीत.

खडूस
माझी शोधगंगा बरी म्हणायची. तिथले ग्रंथ निदान कोणीतरी टाइप केलेले असतात.

रानवारा
मॉरिशसही डोक्यात ठेव गं, पुढच्या वेळेसाठी. तिथे १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली, मळेवाल्यांना वीस लाख पौंडांहून जास्त भरपाई मिळाली, सुटलेल्यांना एक पैसा नाही, उलट काही वर्षं त्याच मालकाकडे सक्तीची उमेदवारी. त्यांची जागा भरायला करारावर हिंदुस्थानी मजूर नेले, त्यात आपले कोकणातलेही गेले. तिथे मराठी माणसं आजही गणपती बसवतात.

शब्दपिसाट
मी काल रात्री गोदाकाठचा प्रतिसाद परत वाचला आणि क्रियापदं मोजली. आरमाराने *पकडलं*, मुंबईत *उतरवली*, नाशकात *पाठवली*, प्राइस साहेबांनी *उभी केली*. मुलं कुठेच काही करत नाहीत. जेकबपाशी पोचल्यावर पहिल्यांदा: वाचली, कोरली, हात लावला.
गोदाकाठ, तुमचा दोष नाही, कागदच तसे आहेत.

गोदाकाठ
दोष माझाही आहे. मी लहानपणी ऐकलं ते तसंच, आणि सांगितलंही तसंच.

काकासाहेब
पारिजातकताई, गॅझेटिअरची जुनी छापील प्रत माझ्याकडे आहे. वाळवीने थोडी खाल्लीय, पण नाशिकचा खंड शाबूत आहे. मी इंदिरानगरला असतो, व्यनि (खासगी निरोप) करा, घेऊन जा. परत मात्र आणून द्या.

पारिजातक
तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. काकासाहेब, खंड तुमच्या सूनबाईंकडे दिला काल, खाकी कव्हर घालून.
विषय बदलला. नवीन शीर्षक: 'शरणपूरहून निघालेले: नाशिकच्या आफ्रिकन विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लेखनातील सुटका आणि परतणे, १८६५ ते १८७५'. 'निघालेले' शब्दावर शब्दपिसाटांचा हक्क आहे, ऋणनिर्देशात टोपणनावाने घालतेय.
जेकबच्या रोजनिशीची नक्कल वाचतेय. रोजचं आहे सगळं. कुठे चाललो, काय खायला मिळालं, कोण आजारी. मला वाटलं होतं कुठेतरी सुटकेबद्दल मोठं काही लिहिलं असेल. अजून तरी सापडलं नाही. म्हणून 'सुटका' शब्द शीर्षकात ठेवू की काढू यावर अडलेय.
सरांना दाखवलं. लाल पेन उघडलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि टोपण लावलं. म्हणाले, लिहा.

चष्मिष्ट
'सुटका' काढ. त्याने लिहिलं नसेल तर तू त्याच्या तोंडी घालू नकोस.

अटलांटाची मामी
ठेव. आणि पहिल्याच पानावर सांग की हा शब्द तुझा आहे, त्याचा नाही.

तांडेल
घंटेचा फोटो सापडला जुन्या हार्ड डिस्कवर. अंधुक आहे, समोर आमचा कुक उभा आहे. चालेल का?

पारिजातक
पळेल! कुकसकट पाठवा.

खडूस
बाकी सगळं ठीक. टेबल शेवटी कोणाला मिळालं?

पारिजातक
दहावीवाल्याला. मी ओट्यावर लिहितेय, कुकरच्या शिट्ट्या मोजत.